पैसे आपले, किल्ली त्यांची

संगणकाची हार्ड डिस्क बिघडली म्हणून नवी बसवली आणि पैसे मोजून घेतलेलं एक सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला बसले. परवान्याचा क्रमांक बरोबर होता, पावती ईमेलमध्ये होती, तरी पडद्यावर उत्तर आलं की हा क्रमांक आधीच दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. ते दुसरं यंत्र म्हणजे माझाच संगणक, जुन्या डिस्कसकट. पुढचे तीन दिवस ग्राहकसेवेला पावतीची छायाचित्रं पाठवण्यात गेले. शेवटी त्यांनी ते चालू करून दिलं, बोललेही सौजन्यानं. पण हेच सॉफ्टवेअर ज्यानं कुलूप तोडलेल्या अवस्थेत फुकटात उतरवून घेतलं असेल, त्याला यातलं काहीच करावं लागलं नसणार, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

या कुलपाला डीआरएम म्हणतात, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. ते पैसे देणाऱ्या माणसावर अन्याय करतं का, हा प्रश्न भावनेनं सोडवण्यापेक्षा आधी कुलूप चालतं कसं ते बघू. अन्यायाचं मूळ बरंचसं त्याच्या रचनेतच आहे.

समजा तुम्ही एक ई-पुस्तक घेतलं. तुमच्याकडे येणारी फाइल एन्क्रिप्ट केलेली असते. म्हणजे तिच्यातला मजकूर एका गणिती किल्लीनं असा घुसळलेला असतो, की किल्लीशिवाय तो नुसता निरर्थक आकड्यांचा ढीग. तुम्ही पुस्तक उघडलं की वाचायचं ॲप दुकानाच्या सर्व्हरला विचारतं: या खात्यानं हे पुस्तक घेतलंय का? हे यंत्र नोंदलेलं आहे का? यंत्रांची मर्यादा संपली नाही ना? सर्व्हर होकार देतो आणि किल्ली पाठवतो. ॲप ती किल्ली तुमच्यापासून लपवून ठेवतं आणि तुम्हाला फक्त पान दाखवतं. काही ठिकाणी ही चौकशी एकदाच होते, काही ठिकाणी दर वेळी. गाणी, चित्रपट, गेम यांचे तपशील वेगळे, कल्पना हीच.

इथे एक पेच आहे आणि कितीही हुशार अभियंते लावले तरी तो सुटत नाही. गुप्त संदेशाच्या नेहमीच्या व्यवहारात तीन माणसं असतात: पाठवणारा, घेणारा आणि मधे कान लावून बसलेला चोर. किल्ली घेणाऱ्याला द्यायची, चोराला मिळू द्यायची नाही. डीआरएममध्ये मात्र घेणारा आणि संशयित चोर ही एकच व्यक्ती असते. तिला पुस्तक दिसायला हवं, म्हणून किल्ली तिच्या यंत्रात पाठवावीच लागते, आणि त्याच यंत्रात ती तिच्यापासून लपवावीही लागते. एखाद्याच्या घरात तिजोरी ठेवायची, किल्ली त्याच घरात कुठेतरी दडवायची आणि घरमालकाला ती सापडू नये अशी आशा करायची, असा हा प्रकार. ज्याच्याकडे वेळ आणि चिकाटी आहे, त्याला ती आज ना उद्या सापडतेच.

डीव्हीडीचं असंच झालं. तिच्यावर सीएसएस नावाचं ४० बिटांच्या किल्लीचं कुलूप होतं. १९९९ मध्ये ते फुटलं. ज्या प्रोग्रॅमनं ते फोडलं त्याच्याशी नाव जोडलं गेलेला नॉर्वेचा यॉन लेक योहानसेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला आणि २००३ मध्ये आधी खालच्या, मग वरच्या न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. आपण रीतसर घेतलेली डीव्हीडी बघण्यासाठी कुलूप उघडलं तर तो गुन्हा होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना त्या काळी स्वतःच्या डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर बघण्याची धड सोयच नव्हती, हे त्यामागचं कारण लक्षात घ्यायला हवं.

कुलूप फुटतं यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ते प्रत्येकानं फोडावं लागत नाही. जगात कुठेतरी एकानं एकदा फोडलं की उघडी फाइल तयार होते, आणि त्यानंतर तिच्या जितक्या प्रती निघतील त्या सगळ्या उघड्याच. फुकट उतरवणाऱ्याची गाठ कुलपाशी कधी पडतच नाही. पैसे देणाऱ्याची मात्र रोज पडते: फोन बदलला तर, इंटरनेट गेलं तर, पासवर्ड विसरला तर, कंपनीचा सर्व्हर झोपला तर. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

२००८ मध्ये आलेल्या ‘स्पोर’ या गेमची गोष्ट बघा. विकत घेणाऱ्याला तो तीनच वेळा चालू करून घेता येत होता, त्यानंतर कंपनीकडे विनवणी. कुलूप तोडलेली प्रत अधिकृत विक्री सुरू होण्याआधीच इंटरनेटवर फिरत होती. ग्राहकांनी तक्रारींचा भडिमार केल्यावर कंपनीनं मर्यादा वाढवली. २०१३ मध्ये ‘सिमसिटी’चा नवा अवतार आला, तो एकट्यानं खेळायचा असला तरी सतत सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक घरात बसून रांगेत उभे राहिले. जोडणी अपरिहार्य आहे असं सांगणाऱ्या कंपनीनं वर्षभरानं तोच गेम इंटरनेटशिवाय चालवण्याची सोय दिली.

या सगळ्यांत मला सर्वांत गंभीर वाटतं ते २००५ चं प्रकरण. सोनी बीएमजी या संगीत कंपनीनं आपल्या काही सीडींवर एक्ससीपी नावाचं संरक्षण घातलं होतं. विंडोजच्या संगणकात अशी सीडी घातली की करारनामा मान्य करावा लागायचा, मग कंपनीचा स्वतःचा प्लेयर बसायचा, आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल ग्राहकाला सांगितलेलंच नव्हतं. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात शिरून स्वतःला अदृश्य करायचं. ज्या फाइलचं नाव ठरावीक चिन्हांनी सुरू होतं, ती संगणकाच्या मालकालाच दिसेनाशी व्हायची. असं लपणं हे संगणकात घुसखोरी करणाऱ्यांचं तंत्र, त्याला रूटकिट म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीस मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराला ते स्वतःच्या संगणकावर सापडलं आणि त्यानं ते जाहीर केलं. काढून टाकायची सोय दिलेली नव्हती. कुणी हातानं काढायला गेलं तर सीडी ड्राइव्हच बंद पडायचा. थोड्याच दिवसांत खऱ्या घातक प्रोग्रॅमनी तोच आडोसा वापरायला सुरुवात केली: नावाच्या सुरुवातीला तीच चिन्हं लावली की लपायची सोय आयतीच झालेली. मग कंपनीनं काढून टाकण्याचं जे साधन दिलं, त्यानं संगणकाच्या सुरक्षेला नवं भगदाड पाडलं. नोव्हेंबरमध्ये त्या सीडी परत मागवल्या गेल्या, खटले झाले, भरपाईच्या तडजोडी झाल्या.

या फटक्याची झळ कुणाला लागली? दुकानात जाऊन पैसे देऊन सीडी घेणाऱ्याला. तीच गाणी इंटरनेटवरून चोरून घेणाऱ्याच्या संगणकात ते सॉफ्टवेअर शिरलंच नाही. एखाद्या कंपनीनं आपल्याच ग्राहकाच्या यंत्रावर, त्याच्या नकळत, त्याच्याविरुद्ध पहारा बसवावा, ही गोष्ट मला वीस वर्षांनंतरही माफ करण्यासारखी वाटत नाही.

रोजची कुलुपं इतकी उग्र नसतात. चित्रपटांच्या सेवांमध्ये डीआरएमचे स्तर असतात. तुमच्या फोनच्या किंवा संगणकाच्या आत किल्ली सांभाळणारा सुरक्षित कप्पा प्रमाणित असेल तर चित्र पूर्ण स्पष्टतेनं दिसतं, नसेल तर धूसर. वर्गणी दोघांचीही सारखीच. टीव्ही आणि प्लेयर यांच्या मधल्या एचडीएमआय केबलमध्येही एक कुलूप आहे, एचडीसीपी नावाचं. दोन यंत्रांचं आपसांत पटलं नाही की पडदा काळा राहतो आणि आपण केबल बदलत बसतो. त्रास छोटा असतो, पण तो नेहमी एकाच बाजूच्या माणसाला होतो.

आता दुकान बंद पडण्याबद्दल. छापील पुस्तकाचं दुकान बंद झालं तर आपल्या कपाटातलं पुस्तक कोरं होत नाही. डिजिटल पुस्तकाचं होऊ शकतं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या बंद केलेल्या एमएसएन म्युझिक दुकानाच्या ग्राहकांना कळवलं, की ३१ ऑगस्टनंतर त्यांनी घेतलेली गाणी नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाहीत, कारण किल्ल्या देणारा सर्व्हर बंद होईल. ओरड झाल्यावर ती मुदत काही वर्षं पुढे ढकलली गेली. २०१९ मध्ये त्याच कंपनीनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकं वाचकांच्या संग्रहातून नाहीशी झाली. पैसे पूर्ण परत दिले, हे खरं. ज्यांनी समासात टिपणं काढली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. टिपणं परत देण्यासारखी वस्तू नव्हती.

त्याच्या दहा वर्षं आधी, जुलै २००९ मध्ये, ॲमेझॉननं वाचकांच्या किंडल या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रांवरून जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं दुरूनच पुसून टाकली होती. ज्यानं ती दुकानात ठेवली त्याच्याकडे त्यांचे हक्क नव्हते, असं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. पण कागदी पुस्तकांत अशी चूक झाली असती तर प्रकाशकानं विक्रेत्यावर खटला भरला असता, वाचकाच्या खोलीत शिरून पुस्तक उचलून नेता आलं नसतं. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. शाळेचा अभ्यास म्हणून त्या पुस्तकावर टिपणं काढणारा एक विद्यार्थी न्यायालयात गेला आणि कंपनीनं दीड लाख डॉलरची तडजोड केली.

माझ्या मते सगळा वाद ‘विकत घेणे’ या एका शब्दापाशी येऊन थांबतो. वस्तू विकत घेतली की ती दुसऱ्याला देता येते, विकता येते, वारसाला ठेवता येते. डिजिटल व्यवहारात बटणावर ‘विकत घ्या’ असं असतं आणि करारनाम्यात आत कुठेतरी लिहिलेलं असतं, की तुम्हाला केवळ वापराचा परवाना मिळतो आहे, जो मागे घेता येतो आणि हस्तांतरित करता येत नाही. न्यायालयांचंही यावर एकमत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं, की कायमस्वरूपी परवान्यानं घेतलेलं सॉफ्टवेअर पुढे विकता येतं. त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या बाबतीत ती मुभा नाकारली. अमेरिकेत २०१८ मध्ये अपील न्यायालयानं वापरलेली डिजिटल गाणी पुन्हा विकण्याचा व्यवसाय बेकायदा ठरवला, कारण गाणं पाठवताना तांत्रिकदृष्ट्या नवी प्रत तयार होते.

भाड्याच्या व्यवहारात कुलूप असण्याला माझा आक्षेप नाही. दरमहा वर्गणी भरून हजारो चित्रपट बघायला मिळतात, तेव्हा वर्गणी थांबल्यावर ते बंद व्हावेत हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं. ग्रंथालयातून दोन आठवड्यांसाठी घेतलेलं ई-पुस्तक पंधराव्या दिवशी आपोआप मिटतं, यातही फसवणूक नाही. कुलपाशिवाय अशी सेवा चालवणं अवघड आहे. आक्षेप आहे तो भाड्याच्या अटी विक्रीच्या नावाखाली आणि विक्रीच्या किमतीत गळ्यात मारण्याला.

या कुलपांच्या मागे कायदा उभा आहे, हा भाग बहुतेकांना माहीत नसतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या करारानं सदस्य देशांना तांत्रिक संरक्षणाला कायद्याचं पाठबळ द्यायला सांगितलं. अमेरिकेनं १९९८ च्या कायद्यात ते फार कडक केलं. तिथे कुलूप उघडणं हाच स्वतंत्र गुन्हा, मग तुम्ही आतल्या वस्तूची चोरी केलेली असो वा नसो. सवलत हवी असेल तर दर तीन वर्षांनी अर्ज करून ती मागावी लागते, आणि मिळाली तरी कुलूप उघडण्याचं साधन बनवून इतरांना देण्याची मनाई कायम राहते. उघडायची परवानगी आहे, हत्यार मात्र ज्याचं त्यानं घडवायचं. भारतानं २०१२ च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्यात ६५अ हे कलम घातलं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तरच. हा एक शब्द, ‘हेतू’, फार मोठा फरक करतो. चोरी करायला कुलूप तोडणारा आणि स्वतःच्याच पुस्तकाची सुरक्षित प्रत ठेवू बघणारा यांना एका तराजूत तोलू नये, एवढी जाण त्यात आहे.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांचं काय होतं हे सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. ई-पुस्तक ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट: मजकूर डिजिटल आहे, यंत्र तो मोठ्यानं वाचून दाखवू शकतं किंवा ब्रेल पट्टीवर उमटवू शकतं. ब्रेल मुद्रणाची वर्षानुवर्षं वाट बघायची गरज उरत नाही. पण कुलूपबंद फाइल कुणाकडे सोपवायची हे दुकान ठरवतं, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या यादीत नसलं की दार बंद. २००९ मध्ये किंडलमध्ये पुस्तक मोठ्यानं वाचण्याची सोय आली, तेव्हा लेखकांच्या संघटनेनं आक्षेप घेतला आणि ॲमेझॉननं पुस्तकागणिक ती सोय बंद ठेवण्याचा अधिकार हक्कधारकांना दिला. २०१३ च्या माराकेश करारानं दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ प्रती बनवण्याची वाट मोकळी केली आणि कुलूप त्या वाटेत आडवं येऊ नये असंही म्हटलं. तो मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश. तरी अमेरिकेत दृष्टिहीनांच्या संघटनांना ई-पुस्तकाचं कुलूप उघडायची सवलत दर तीन वर्षांनी नव्यानं मागावी लागत आली आहे. पैसे दिलेलं पुस्तक वाचण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करायला लागणं हा अपमान आहे.

दुसरी बाजू खोटी नाही. चार जणांनी तीन वर्षं खपून केलेला गेम पहिल्या दिवशी फुकटात फिरू लागला तर पुढचा गेम निघत नाही. गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते, त्यामुळे तेवढे आठवडे टिकणारं कुलूप बनवणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडतं. कुलूप सराईताला थांबवत नसलं तरी सहज जाता जाता प्रत काढून देणाऱ्याला थांबवतं, हाही मुद्दा मला पटतो. पण मग ते काही आठवडेच असावं. डेन्युव्होसारखं संरक्षण वापरणाऱ्या अनेक गेम कंपन्या काही महिन्यांनी ते स्वतःहून काढून टाकतात, आणि ते सगळ्यांनीच करायला हवं. काम संपल्यावर पहारा उठवायचा, एवढीच अपेक्षा आहे.

कुलपाशिवाय धंदा बुडतो, ही भीती मात्र संगीतानं खोटी ठरवली आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी एक खुलं पत्र लिहून संगीत कंपन्यांना कुलूप सोडायचं आवाहन केलं. त्यातला युक्तिवाद साधा होता: आदल्या वर्षी ऑनलाइन दुकानांतून दोन अब्जांहून कमी गाणी कुलपासह विकली गेली, आणि त्याच कंपन्यांनी वीस अब्जांहून जास्त गाणी सीडीवर कुलपाशिवाय विकली. मग थोड्या गाण्यांना साखळदंड घालून काय साधलं? त्याच वर्षी ईएमआय ही संगीत कंपनी तयार झाली, आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानानं चारही मोठ्या कंपन्यांची गाणी कुलपाशिवाय विकणार असल्याचं जाहीर केलं. गाण्यांची विक्री त्यानं थांबली नाही. विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या प्रकाशनानं २०१२ मध्ये ई-पुस्तकांची कुलुपं काढली आणि वर्षभरानं सांगितलं, की चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. जीओजी हे गेमचं दुकान २००८ पासून कुलपाशिवायच विकतं आहे. काही प्रकाशक फाइलमध्ये खरेदीदाराची खूण उमटवतात, वॉटरमार्क. ती वाचताना आड येत नाही, पण प्रत बाजारात सापडली तर कुणाची ते कळतं. संशय सगळ्यांवर घेण्याऐवजी चूक करणाऱ्यालाच गाठायचं, हा मार्ग मला जास्त माणुसकीचा वाटतो.

मार्च २०२४ च्या अखेरीला ‘द क्रू’ या नऊ वर्षांहून जुन्या गेमचे सर्व्हर बंद झाले. तो सर्व्हरशिवाय चालत नसल्यानं विकत घेतलेल्यांच्या हातात काही उरलं नाही. त्यातून ग्राहकांची मोठी मोहीम उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. मागणी एवढीच, की सेवा संपवताना गेम चालण्याजोग्या अवस्थेत सोडून जा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं कायदा केला आणि तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला: डिजिटल वस्तू विकताना नुसतं ‘विकत घ्या’ म्हणता येणार नाही, हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. कुलपाला हा कायदा हात लावत नाही, पण त्यातली एक सूट मला फार मोलाची वाटते. जी वस्तू ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. म्हणजे खरी विक्री कशाला म्हणायचं, त्याची सरळ व्याख्या कायद्यात आली.

मी आता खरेदीआधी तीच कसोटी लावते. फाइल माझ्याकडे उतरते का, दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये उघडते का, इंटरनेट बंद करून चालते का, हे बघते. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर मी ती वस्तू भाड्याची समजते आणि भाड्याला शोभेल एवढीच किंमत तिला द्यायला तयार असते.